दोनशे फूट खाली बटाटे: मेलँक्थनच्या दगडखाणीचं प्रकरण

दिवसाला ६० कोटी लिटर. कॅनडातल्या मेलँक्थनला होऊ घातलेल्या दगडखाणीतून रोज एवढं पाणी उपसावं लागणार होतं. कागदपत्रांतला हा आकडा वाचून लोक दचकले, आणि तो दचकण्यासारखाच होता. मुंबईला रोज जेवढं पाणी पुरवलं जातं, त्याचा हा साधारण सहावा हिस्सा. पण माझ्या मते त्या आकड्याहून त्याची मुदत जास्त महत्त्वाची होती. खरं तर मुदत नव्हतीच. खाण चालू आहे तोवर उपसा, दगड संपला तरी उपसा, कंपनी राहो न राहो, उपसा चालूच. कारण दगड काढून झाल्यावर त्या खड्ड्याच्या तळाशी पुन्हा शेती करून दाखवू, असं कंपनीचं म्हणणं होतं. जमिनीखाली दोनशे फुटांवर शेत, आणि ते बुडू नये म्हणून अहोरात्र चालणारे पंप.

या प्रकरणाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. बटाट्यांबद्दल, बॉस्टनहून आलेल्या पैशाबद्दल, पावसात चिखल तुडवत आलेल्या हजारो लोकांबद्दल. पाण्याबद्दल मात्र घोषणाच जास्त झाल्या, हिशेब कमी झाला. म्हणून इथे हिशेबाकडे जरा जास्त वेळ देतो.

जागा

मेलँक्थन ही कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातली एक टाउनशिप. टोरांटोच्या वायव्येला साधारण १०० किलोमीटरवर, डफरिन काउंटीत. दक्षिण ऑन्टारिओतल्या सर्वांत उंच पट्ट्यांपैकी हा एक. उंच म्हणजे डोंगर नव्हे. सपाट, वारा खाणारं पठार, त्यावर पवनचक्क्यांच्या रांगा आणि मैलोगणती बटाटा. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला थेंब एका अंगाला गेला तर अरबी समुद्राला मिळतो आणि दुसऱ्या अंगाला गेला तर बंगालच्या उपसागराला. इथंही तसंच आहे. ग्रँड नदी दक्षिणेकडे वाहत ईरी सरोवराला मिळते आणि नॉटवासागा उत्तरेकडे जात ह्यूरन सरोवराच्या जॉर्जियन उपसागराला. त्या भागाला लोक ‘हेडवॉटर्स’ म्हणतात, म्हणजे उगमांचा मुलूख. खाली ग्रँडच्या काठावर किचनर, वॉटर्लू आणि ब्रँटफर्ड ही शहरं आहेत. ब्रँटफर्ड तर या नदीचंच पाणी पितं.

वरची माती हनीवूड लोम नावाची. पोयट्याची, भुसभुशीत, दगडगोटे जवळजवळ नसलेली, निचरा उत्तम. बटाट्याला हेच हवं असतं: पाणी मिळावं पण साचू नये, आणि कंद फुगताना आड दगड येऊ नये. टोरांटो परिसरात खपणाऱ्या बटाट्यांपैकी निम्मे याच पट्ट्यातून येतात, असं त्या वेळी सतत सांगितलं जाई. ब्रॅम्पटन-मिसिसागातल्या मराठी घरांत तळल्या गेलेल्या वड्यांतलं सारणही कधी ना कधी या मातीतून आलं असणार.

मातीखाली आहे अमाबेल डोलोस्टोन. चुनखडकाचा भाऊबंद. चाळीस कोटी वर्षांहून जुन्या उथळ समुद्राच्या तळाशी तयार झालेला. नायगारा धबधबा ज्या कड्यावरून कोसळतो, तो कडा इथवर आणि याही पुढे उत्तरेला जातो, आणि त्याच्या माथ्यावरचा टणक थर म्हणजे हाच खडक. काँक्रीट आणि रस्त्यांसाठी याची खडी पहिल्या प्रतीची. पण दगड टणक असला तरी अखंड नाही. त्याला भेगा आहेत, आणि हजारो वर्षं झिरपत्या पाण्याने त्या आणखी रुंद केल्या आहेत. पाऊस आणि वितळलेला बर्फ मातीतून उतरतो, या भेगांतून वाट काढतो, आणि पठाराच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने थंडगार बाहेर पडतो. शेतांमधल्या घरांना नळयोजना नाही. प्रत्येकाची आपापली बोअर, आणि ती याच खडकात.

थोडक्यात, कंपनीला जो दगड विकायचा होता तोच गावाची पाण्याची टाकी होता. प्रकरणातली सगळी गुंतागुंत यातून येते. इतर खाणींत दगड एकीकडे आणि पाणी दुसरीकडे असू शकतं. इथं ती एकच वस्तू होती.

खरेदी आणि अर्ज

साधारण २००६ पासून हायलँड कंपनीज नावाच्या कंपनीने इथल्या जमिनी घ्यायला सुरुवात केली. शेतकऱ्यांना सांगितलं गेलं की बटाट्याचा मोठा उद्योग उभा करायचा आहे. ते अगदीच खोटं नव्हतं. कंपनी पुढे प्रांतातल्या मोठ्या बटाटा उत्पादकांत गणली गेली. मागे पैसा होता बॉस्टनच्या बाउपोस्ट ग्रुप या गुंतवणूक फंडाचा. साडेसहा हजार एकरांच्या वर जमीन गोळा झाली. शेजारच्याने विकली म्हणून आपणही विकली, असं बऱ्याच जणांचं झालं. आपल्याकडे महामार्गाची किंवा औद्योगिक वसाहतीची कुणकुण लागण्याआधी सातबारे फिरू लागतात, त्याचीच ही कॅनडातली आवृत्ती.

मार्च २०११ मध्ये खाणीचा अर्ज दाखल झाला. क्षेत्र २,३१६ एकर. खोली सुमारे २०० फूट, म्हणजे भूजल पातळीच्या कितीतरी खाली. दगडाचा साठा सुमारे १ अब्ज टन. कागदपत्रं ३,१०० पानांच्या आसपास, आणि खाण कायद्यानुसार हरकतीला ४५ दिवस. म्हणजे शेतकऱ्याने रोज ६९ पानं वाचायची, तीही बर्फ वितळून पेरणीच्या तयारीला लागायच्या दिवसांत. पुढे मंत्रालयाच्या पातळीवर हरकती घेण्याची मुदत जुलैपर्यंत वाढवावी लागली.

त्या वेळचे नियम अर्जदाराच्या बाजूला झुकलेले होते, हे मान्य करायलाच हवं. प्रांताच्या नियोजन धोरणात खडी हा बाजारपेठेच्या जितक्या जवळ मिळेल तितक्या जवळून काढायचा माल मानला होता, आणि खाणीची गरज आहे की नाही हे अर्जदाराने सिद्ध करायची अट नव्हती. सुपीक शेतजमिनीवरची खाण हा ‘तात्पुरता वापर’. काम झाल्यावर जमीन पूर्ववत करायची. पण भूजल पातळीखाली भरपूर माल असेल तर ते बंधनही शिथिल होत होतं. म्हणजे पाण्याला जितका जास्त धक्का, तितकी जमीन परत करायची जबाबदारी कमी. धोरण लिहिणाऱ्यांच्या हे लक्षात आलं नसेल असं वाटत नाही.

आणि गावाच्या पदरात काय? खडीच्या टनामागे तेव्हा साडेअकरा सेंट शुल्क, त्यातले ६ सेंट स्थानिक टाउनशिपला.

पाण्याचं गणित

भूजल पातळीखाली खोदायचं तर आधी पाणी हटवावं लागतं. विहीर खणताना आपण तेच करतो: झरा लागला की मोटर लावायची आणि कोरडं करून पुढचा थर फोडायचा. फरक इतकाच की विहिरीचं काम संपलं की मोटर काढून पाणी वर येऊ देतात, आणि इथं ते कधीच येऊ द्यायचं नव्हतं.

उपसा सुरू झाला की भोवतालच्या खडकातलं पाणी खड्ड्याकडे ओढलं जातं. पातळी खड्ड्याजवळ सर्वांत खोल आणि लांब जावं तसतशी कमी खोल, असा उलट्या शंकूचा आकार तयार होतो. त्या शंकूच्या पोटात जी बोअर, जो झरा, जी पाणथळ जागा येईल ती कोरडी. वाळूत किंवा गाळात हा शंकू कसा पसरेल, याचा बरा अंदाज बांधता येतो. भेगांच्या खडकात तो नीट गोल नसतो. एखाद्या भेगेच्या दिशेने तो दोन किलोमीटर जाईल आणि दुसऱ्या बाजूला दोनशे मीटरवर थांबेल. दोन शेजाऱ्यांपैकी एकाची बोअर आटते आणि दुसऱ्याची भरलेली राहते ती यामुळेच. खाणवाला दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणतो, बघा, पाणी आहे की!

कंपनीचा तोडगा पुनर्भरणाचा होता. खड्ड्यातून उपसलेलं पाणी कडेने परत जमिनीत सोडायचं, म्हणजे बाहेरची पातळी टिकेल आणि नद्यांना धक्का लागणार नाही. कागदावर हे बिनचूक दिसतं. पण विहिरीतून पोहरा भरून काठावरच ओतत राहिलं तर ते पाणी जाईल कुठे? बरंचसं पुन्हा विहिरीत. ६० कोटी लिटरचा आकडा आला तो या फेऱ्यांमुळे. तेच पाणी काढायचं, कडेला मुरवायचं, भेगांतून ते परत यायचं, पुन्हा काढायचं.

इथं विरोधकांचीही एक चूक दाखवतो. ‘२७ लाख लोकांचं पाणी खाण पिणार’ असं वाक्य तेव्हा सगळीकडे फिरत होतं. तुलना आकड्यापुरती बरोबर, अर्थाने चुकीची. ६० कोटी लिटर हा उपसा होता, वापर नव्हे. त्यातलं बहुतेक पाणी परत जमिनीत जाणार होतं. कंपनीने हा फरक पुन्हा पुन्हा सांगितला आणि तो खरा होता. गंमत अशी की फरक नीट समजून घेतला तर कंपनीची बाजू आणखी कच्ची होते. एकदा वापरून संपलेल्या पाण्याचा वाद कधीतरी संपतो. गोल फिरणारं पाणी फिरवत ठेवायचं तर फिरवणारा कायम हवा.

थोडं कागद-पेन्सिलीचं गणित करू. ६० कोटी लिटर म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ ७ हजार लिटर. आपल्याकडचा १० हजार लिटरचा टँकर दीड सेकंदात भरेल. दिवसाचे ६० हजार टँकर. हे पाणी खड्ड्याच्या तळापासून, समजा ६० मीटर, वर चढवायचं तर निव्वळ भौतिकशास्त्राने सुमारे ४ मेगावॉट लागतात. पंपातली आणि मोटरीतली तूट, पाइपातलं घर्षण धरलं तर ६ मेगावॉटच्या जवळ. म्हणजे दिवसाला साधारण १ लाख ४० हजार युनिट. महिन्याला २०० युनिट जाळणाऱ्या २१ हजार घरांची वीज. खाण चालू असताना हे बिल खडीच्या भावातून निघेल. शेवटचा ट्रक गेल्यानंतर? तळाशी बटाटा लावणारा शेतकरी हे बिल भरणार नाही, त्याला ते परवडणार नाही. ज्याने आयुष्यात शेतपंपाचं एक बिल भरलंय, त्याला हे सांगावं लागत नाही.

दुसरा हिशेब पंप बंद पडण्याचा. २,३१६ एकरांच्या तळावर दिवसाचे ६० कोटी लिटर पसरले तर अडीच इंच पाणी चढतं. पूर्ण क्षेत्र खोदून झालंय आणि आवक तेवढीच आहे असं धरलं तर महिन्याभरात सहा फुटांवर. पातळी चढेल तशी आवक मंदावेल, त्यामुळे हा अंदाज ढोबळ आहे. पण बटाट्याला सहा फूट लागत नाहीत. मुळाशी दोन दिवस पाणी राहिलं तरी कंद सडायला लागतो. म्हणजे वीज गेली, वादळाने तारा तुटल्या, पंप चालवणारी संस्था दिवाळखोरीत गेली, यांतलं काहीही एका हंगामात चार दिवसांसाठी घडलं तरी ते पीक गेलं. त्या पठारावरचा हिवाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना तारा तुटणं म्हणजे काय ते ठाऊक आहे.

आणि आता परवान्याची बाजू. ऑन्टारिओत दिवसाला ५० हजार लिटरपेक्षा जास्त पाणी उचलायला प्रांताचा वेगळा परवाना लागतो. तो कायमचा मिळत नाही; जास्तीत जास्त दहा वर्षांचा, मग नूतनीकरण. आता समजा, शंभर वर्षांनी कुणी अधिकारी म्हणाला की या उपशामुळे नदीचं नुकसान होतंय, परवाना वाढवून देत नाही. मग तळातली शेती बुडते. वाढवून दिला तर नदी. सरकारच्या हातात नकाराचा अधिकार कागदावर राहतो, वापरता येत नाही. एकदा खड्डा खोदला की परवाना देणाराच परवान्याला बांधला जातो. संबंध प्रकरणात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते, आणि सभांमध्ये तिच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

पाण्याची प्रत हा निराळा विषय, तोही लहान नाही. वरची माती हा गाळणीचा थर. ती खरवडून बाजूला केली की पाऊस थेट उघड्या खडकावर. सुरुंगाच्या दारूतलं अमोनियम नायट्रेट पूर्ण जळत नाही, त्याचा अंश नायट्रेट म्हणून पाण्यात उतरतो. जमिनीतून येणारं पाणी बाराही महिने थंड असतं, आणि या झऱ्यांच्या ओढ्यांतला ब्रुक ट्राउट हा मासा त्या गारव्यावर जगतो. तेच पाणी उघड्या खड्ड्यात उन्हात तापून परत सोडलं तर मोजमापात लिटर तेवढेच भरतील आणि मासा जाईल.

भेगांच्या खडकाचा धोका ऑन्टारिओच्या लोकांना पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. याच पठाराच्या पश्चिमेला वॉकर्टन नावाचं लहान गाव आहे. मे २००० मध्ये मुसळधार पावसानंतर गोठ्याजवळच्या शेणखतातले जंतू भेगांतून एका उथळ विहिरीत गेले. त्या विहिरीचं पाणी नळाला होतं आणि क्लोरीनची देखरेख गचाळ होती. सात माणसं गेली, दोन हजारांहून अधिक आजारी पडली. त्यानंतर २००६ साली प्रांताने पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांचं रक्षण करणारा कायदा केला. ज्या प्रांताने हे पाहिलं, तिथे ‘भेगा आहेत पण आम्ही सांभाळू’ हे वाक्य सहज गळी उतरत नाही.

सूप, चिखल आणि मंत्र्यांचा निर्णय

लढा उभा केला तो मुख्यत्वे स्थानिक शेतकऱ्यांनी. नॉर्थ डफरिन अ‍ॅग्रिकल्चरल अँड कम्युनिटी टास्कफोर्स, थोडक्यात एनडॅक्ट, ही त्यांची संघटना. अध्यक्ष कार्ल कोसॅक हे स्वतः गुरं पाळणारे. एप्रिल २०११ मध्ये मोहॉक या मूळ रहिवासी समाजातले कार्यकर्ते डॅनी बीटन यांच्यासोबत लोक टोरांटोच्या विधिमंडळापासून मेलँक्थनपर्यंत पाच दिवस चालत गेले. ग्रँड नदीच्या खोऱ्यावर तिथल्या मूळ रहिवाशांच्या सहा राष्ट्रांचा १७८४ पासूनचा हक्काचा दावा आहे, त्यामुळे उगमाचा प्रश्न त्यांच्यासाठी निव्वळ पर्यावरणाचा नव्हता.

मग आचारी आले. १६ ऑक्टोबर २०११ ला मायकेल श्टाटलेंडर या नावाजलेल्या शेफच्या पुढाकाराने हनीवूडजवळच्या शेतात ‘फूडस्टॉक’ भरलं. शंभराच्या आसपास शेफ, ऐपतीप्रमाणे पैसे द्या आणि खा. पाऊस, वारा, चिखल, आणि तरी २८ हजार माणसं. वर्षभराने टोरांटोच्या एका बागेत ‘सूपस्टॉक’. तिथं ४० हजार. जेवणावळीतून आंदोलन करण्याची ही कल्पना मला फार आवडते. भूजलाच्या शंकूवर भाषण ऐकायला कुणी आलं नसतं. पण याच कारणाने लोकांच्या मनात हे प्रकरण ‘बटाटे वाचवण्याचं’ झालं, आणि पंपाचा प्रश्न मागे पडला.

सरकारी बाजूला कलाटणी त्याआधीच मिळाली होती. ऑन्टारिओत पर्यावरणीय मूल्यमापनाचा कायदा तेव्हा प्रामुख्याने सरकारी प्रकल्पांना लागू होत असे. खाजगी खाण आपोआप त्यात येत नसे. १ सप्टेंबर २०११ रोजी पर्यावरणमंत्री जॉन विल्किन्सन यांनी जाहीर केलं की या खाणीचं संपूर्ण मूल्यमापन होईल. प्रांतात दगडखाणीला हे पहिल्यांदाच लागू झालं. निवडणूक पाच आठवड्यांवर होती, हा योगायोग ज्याने त्याने आपापल्या परीने घ्यावा.

ते मूल्यमापन कधी झालंच नाही. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी कंपनीने अर्ज मागे घेतला. समाजाचा आणि सरकारचा पुरेसा पाठिंबा नाही, एवढंच कारण दिलं. कंपनीचे अध्यक्ष पायउतार झाले. गावात आनंदीआनंद झाला आणि व्हायलाच हवा होता. पण प्रकरण म्हणून अभ्यासायचं तर लक्षात घ्यावं की ६० कोटी लिटरचा आराखडा चूक ठरला नाही आणि बरोबरही ठरला नाही. कुठल्याही न्यायाधिकरणासमोर त्याची उलटतपासणी झाली नाही. दगड संपल्यावर पंप कुणाच्या पैशाने चालेल, कंपनी बुडाली तर तारण किती, बोअर आटल्यावर सिद्ध कुणी करायचं, शेतकऱ्याने की खाणवाल्याने, यांतल्या एकाही प्रश्नावर निकाल नाही. त्यामुळे पुढच्या गावाला दाखवायला मेलँक्थनचा दाखला आहे, निवाडा नाही.

आपल्या खडकात

आपला काळा पाषाण डोलोस्टोनसारखा नाही. त्यात चुनखडीसारख्या पोकळ्या होत नाहीत. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात, सांध्यांत, आणि लाव्हाच्या दोन थरांच्या मधल्या पट्टीत. साठा मुळात तुटपुंजा आणि वरवरचा. त्यामुळे विहिरीशेजारी खाण चाळीस फूट जरी खोल गेली तरी जिच्यातून पाझर येत होता तीच पट्टी कापली जाते, आणि झरा विहिरीऐवजी खाणीच्या भिंतीतून गळू लागतो. खाणीवर म्हणतात ‘पाणी लागलं’. डिझेल पंप लावतात, पाइप ओढ्यात सोडतात, काम पुढे. खाण बंद पडली की डोह साचतो. पुण्याजवळ वाघोलीला किंवा मोशीला असे डोह बघायला मिळतात.

मेलँक्थन वाचताना मला सारखं जाणवत राहिलं ते आकाराबद्दल. तिथं अर्ज एकच आणि अवाढव्य होता, म्हणून ६० कोटी लिटर हा आकडा एका कागदावर आला आणि लोकांना धरायला काहीतरी मिळालं. आपल्याकडे गौण खनिजाचे पट्टे लहान. केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेत ५ हेक्टरच्या आतल्या पट्ट्याला पर्यावरण मंजुरी लागत नव्हती, तेव्हा देशभर मोठ्या खाणींचे लहान तुकडे पडले. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बुजवली आणि लहान पट्ट्यांनाही मंजुरी सक्तीची केली. पण तेव्हाही मंजुरी पट्ट्यागणिकच विचारली जाई. एका टेकडीला वीस खाणी लागून असल्या तर वीसही कागदांवर उपसा नगण्य दिसे. बेरीज मांडणारा कागदच नसे; लगतच्या पट्ट्यांचा एकत्र विचार करण्याचा नियम २०१६ मध्ये आला. खाणीचा विस्तार म्हणूनच जास्त फसवा: नवीन खाणीला गाव निदान विचारतं तरी, चालू खाण दरवर्षी एक बांध पुढे सरकते आणि एक टप्पा खाली उतरते. विहीर कोणत्या वर्षी आटली हे आठवतं, कशामुळे आटली हे तोवर सांगता येत नाही.

यावर एकच स्वस्त इलाज मला माहीत आहे. खाण येण्याआधी, किंवा वाढण्याआधी, भोवतालच्या प्रत्येक विहिरीची आणि बोअरची पातळी निदान दोन वर्षं, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, मोजून ठेवायची. दोरीला खडा बांधून मोजली तरी चालते. तारीख, वेळ, काठापासून पाण्यापर्यंत किती फूट, आदल्या रात्री मोटर चालली होती का. वहीत लिहायचं आणि गावसभेच्या इतिवृत्तात नोंदवायचं. हे नसेल तर नंतर कितीही मोठा तज्ज्ञ आणला तरी समोरचा एवढंच म्हणतो: दुष्काळ होता.

नंतर

२०१३ च्या उन्हाळ्यात हायलँडची साडेसहा हजार एकरांच्या आसपास जमीन बॉनफील्ड या शेतजमिनीत गुंतवणूक करणाऱ्या कॅनडाच्या संस्थेने विकत घेतली. ती शेतकऱ्यांना कसायला देते. मूळ मालकांच्या घराण्यांकडे जमीन परत गेली नाही, पण बटाटा राहिला. प्रांताने खाण कायद्याचा फेरविचार सुरू केला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चालू खाण भूजल पातळीखाली न्यायची असेल तर आधीच्या परवान्यावर भागत नाही, नव्याने जाहीर प्रक्रियेतून जावं लागतं.

त्याची गरज मेलँक्थनमध्येच पडली. याच टाउनशिपमधल्या दुसऱ्या एका कंपनीने आपल्या चालू खाणीखालचा, म्हणजे भूजल पातळीखालचा दगड काढण्याचा प्रस्ताव मांडला. हायलँडच्या मानाने तो पुष्कळ लहान आहे. गावकऱ्यांनी मात्र आता बोअरच्या नोंदींची वही घेऊनच बसायला हवं.